तिजोरीला चावी दिली आणि सगळे बाहेर

जुन्या तिजोऱ्या उघडणं, दुरुस्त करणं हे माझं काम. एका छोट्या शहरातली जुनी बँकेची इमारत, बँक केव्हाच गेली, आता तिथे वाचनालय होणार होतं आणि आत तोडफोड चालू होती. शुक्रवारी संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरचा फोन, स्ट्राँगरूम उघडत नाहीये, कॉम्बिनेशन बरोबर आहे, डायल नीट फिरतोय पण हँडल जागचं हलत नाही. मी आधी विचारलं आत कोणी अडकलंय का? माणूस नव्हता, पण इमारतीचे मूळ नकाशे आत होते.

कॉम्बिनेशन बरोबर असून हँडल अडलं की मला टाइम लॉकचाच संशय येतो. दाराच्या आतल्या बाजूला काचेमागे बहुतेक तीन घड्याळं असतात, संध्याकाळी सकाळपर्यंतचे तास मोजून त्यांना चावी द्यायची, तास संपले की अडसर सुटतो, तोवर मॅनेजर आला तरी दार उघडत नाही. मुद्दाच तो आहे! अमेरिकेत दरोडेखोर तिजोरी फोडायच्या भानगडीत न पडता कॅशियरलाच घरून उचलून नंबर वदवून घ्यायला लागले, त्यावर जेम्स सार्जंटने १८७३ मध्ये हे लॉक आणलं. ज्याच्या हातातच काही नाही त्याला धमकावून मिळणार काय.

विचारपूस केल्यावर कळलं, दुपारी एका पोराने गंमत म्हणून तिन्ही घड्याळांना पूर्ण चावी दिली होती आणि सुट्टी होताना दुसऱ्याने धूळ जाऊ नये म्हणून दार लावून हँडल फिरवलं. दोघांची भेटच नाही. घड्याळं ७२ तासांची, म्हणजे दार उघडणार सोमवारी.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ड्रिल मारा ना सरळ. मी म्हटलं अहो थांबा, अशा काही दारांत लॉकजवळ काच बसवलेली असते, ड्रिलने ती फुटली की स्प्रिंगवरचे जादा बोल्ट सुटून दार आणखी जखडतात आणि मग जे काम तीन दिवसांत फुकटात होणार होतं त्याला भिंत फोडायला लागते, आणि भिंत कसली, लोखंड घातलेलं काँक्रीट. त्याला पटलं नव्हतं, पण गप्प बसला.

मला खरी धास्ती वेगळीच होती. तीनपैकी एक घड्याळ जरी शेवटपर्यंत चाललं तरी दार सुटतं, म्हणून तर तीन ठेवतात, पण ह्यांना वर्षानुवर्षं कोणी तेल घातलेलं नव्हतं, तिन्ही बंद पडली तर मग ड्रिलच. दाराला स्टेथोस्कोप लावला तर टिकटिक येत होती, पण किती घड्याळांची ते काही कळेना.

सोमवारी वेळ होऊन गेली तरी हँडल ढिम्म. कॉन्ट्रॅक्टर माझ्याकडे बघतोय, मी दाराकडे. जुनं घट्ट झालेलं तेल, घड्याळ मागे पडणारच, असं मी त्याला सांगत होतो आणि थोडं स्वतःलाही. रात्री कधीतरी हँडल फिरलं. आत बघतो तर दोन घड्याळं मध्येच थांबलेली, सगळं त्या तिसऱ्यावर निभावलं होतं.

नकाशे बाहेर काढले, मग तिन्ही घड्याळं सोडवून डब्यात भरली आणि दार उघडं असतानाच हँडल फिरवून बोल्ट बाहेर सरकवून ठेवले, म्हणजे आता कोणी ढकललं तरी लागणार नाही. कॉन्ट्रॅक्टर विचारत होता, घड्याळं वाचनालयात काचेच्या पेटीत लावता येतील का. येतील की, पण चावी वेगळ्या कपाटात ठेवा म्हटलं.