आमची वाटचाल : कूलरच्या स्टँडपासून क्लीन रूमच्या छतापर्यंत

हिंगणा एमआयडीसीतलं आमचं शेड सुरू झालं ते जिन्यांच्या रेलिंगवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यातल्या स्टीलच्या टेबलांवर. उन्हाळ्यात कूलरचे स्टँड. नागपुरात फॅब्रिकेशन करायचं म्हटलं की ते कुणाला चुकलंय? औषध कंपन्यांकडे आम्ही ट्रॉल्या आणि रॅक घेऊन पोहोचलो. बुटीबोरी, कळमेश्वर, पुढे मिहान. तिथेच एकदा इंजेक्शन भरायच्या क्लीन रूमसाठी, म्हणजे हवेतले कण गाळून काढलेल्या खोलीसाठी, शिडीची मागणी आली. ड्रॉइंगची थप्पी पाहून आमचे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, शिडी तं शिडीच असते. हिले एवढे कागद काऊन?"

उत्तर त्या खोलीच्या छतात होतं. हवा गाळणारे हेपा फिल्टर तिथेच बसवलेले असतात. फिल्टर कुठे गळतोय का हे पाहायला पीएओ टेस्ट करतात. वरच्या बाजूने पीएओ नावाच्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत सोडायचे आणि खालून फिल्टरच्या तोंडाजवळ प्रोब इंच इंच सरकवत न्यायचा. वर सोडलेल्या थेंबांपैकी ०.०१ टक्क्याहून जास्त खाली सापडले की ती गळती. हे करणाऱ्याची मान वर आणि हात प्रोबवर. शिडीवर चढताना दोन पाय आणि एक हात टेकलेला हवा, हा नियम इथे पाळायचा कसा?

त्यात पोशाख. डोक्यापासून पायापर्यंत कव्हरऑल, गॉगल, हातमोज्यांवर हातमोजे, पायात बूटी म्हणजे वरून चढवायचं आवरण. गॉगलमधून स्वतःची पावलं दिसत नाहीत, बूटी पायरीवर सरकते आणि खालची फरशी ७० टक्के आयपीएने, म्हणजे जंतू मारणाऱ्या अल्कोहोलने, नुकतीच पुसलेली असते. मग हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, लावा, असं कुणीही म्हणेल. पण हुक अडकवायचा कशाला? छताचं पॅनल माणसाच्या झटक्याचं वजन झेलायला बनवलेलं नसतं, त्याला भोक पाडलं तर खोलीचं सील गेलं, आणि साध्या हार्नेसच्या पट्ट्या तंतू सोडतात. म्हणून अशा खोल्यांसाठी आमचं मत ठरलं : माणसाला वरून बांधता येत नसेल, तर उभं राहायची जागाच चारही बाजूंनी बंद करा. तेव्हापासून आम्ही शिडीऐवजी कठडा असलेला, मागे आपोआप लागणारं फाटक असलेला प्लॅटफॉर्म देतो. पायाशी उभी पट्टी असते, हातातून सुटलेला स्क्रू खाली मशीनवर पडू नये म्हणून.

खरी कुस्ती मात्र कारखान्याच्या मीटिंगमध्ये. सेफ्टीवाल्या साहेबांना पायरी खरबरीत हवी, क्यूएच्या (गुणवत्ता खात्याच्या) मॅडमना गुळगुळीत. खाचेत घाण बसते हे त्यांचं म्हणणं, आणि दोघंही बरोबर! शेवटी कडा वर उचललेल्या गोल भोकांची पायरी दोघांच्या पसंतीला उतरली. पाय धरते, पुसता येते आणि छतातून सरळ खाली येणारी हवाही कमी अडते. पोकळ पाइपांची तोंडं आम्ही वेल्डिंगने बंद करतो. प्लास्टिकची टोपी बसवली की आत पाणी साचतं. उघडे आटे नकोत म्हणून डोम नट. आणि शेडमध्ये लोखंडाचं ग्राइंडिंग वेगळ्या कोपऱ्यात, कारण त्याची ठिणगी स्टेनलेसवर बसली की महिन्याभरात गंजाचा ठिपका उठतो. यावरून मी पोरांवर जितका ओरडलोय तितका पगारवाढीवरूनही नसेन.

"एवढ्या पैशात तर इतवारी बाजारातून दहा घोड्या येतील," हे खरेदी खात्याचं वाक्य आता पाठ झालंय. येतील. साध्या ॲल्युमिनियमच्या घोडीला हात लावा आणि तो पांढऱ्या कापडाला पुसा, एवढंच मी सांगतो. आयएसओ क्लास ५ (हवेच्या स्वच्छतेची एक आंतरराष्ट्रीय श्रेणी) च्या हवेत एका घनमीटरमध्ये अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण फार तर ३,५२० चालतात. कापडावरचा काळा डाग त्या हिशेबात कुठे बसणार? डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम, आल्यापासून हे पटवायला कमी बोलावं लागतं.

आता कारखान्याच्या मापाशिवाय आम्ही काम घेत नाही. क्लीन रूममध्ये शिरताना लागणाऱ्या मधल्या छोट्या खोलीची, म्हणजे एअरलॉकची, दोन दारं एकाच वेळी उघडत नाहीत. लांब वस्तू आली की कुणीतरी ही सोय (इंटरलॉक) बंद करून दोन्ही दारं उघडी धरतं, आणि बाहेरची हवा आत येऊ न देणारा खोल्यांमधला दहा-पंधरा पास्कलचा दाबाचा फरक गेला. म्हणून आमचे प्लॅटफॉर्म मिटतात किंवा सुटे होतात, आणि आत पुन्हा जोडायला पाना लागत नाही.

चौकशी करताना छताची उंची सगळेच कळवतात. सोबत एअरलॉकची आतली लांबी-रुंदी, दाराची हँडल सोडून मोकळी रुंदी आणि प्लॅटफॉर्मवर एका वेळी किती माणसं चढणार, तेही लिहा. कोटेशन त्यानंतर.