बॉडीला काय झालंय?

काल दुपारी लाइट आली आणि आमच्याकडे पुन्हा २००९ साल उजाडलं. कॉम्प्युटरवर तारीख १ जानेवारी. मदरबोर्डवरचा सेल उतरला की असंच होतं. लाइट जाते आणि गडी सगळं विसरतो. बरं, नुसती तारीख विसरला तर चालेल, पण मग बँकेची साइट उघडत नाही. तिचं सुरक्षेचं प्रमाणपत्र आत्ताचं, आमचं साल मागलं. सेल साधाच, सीआर २०३२. रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२, तेच आकडे नावात. घड्याळवाल्याकडंही मिळतो.

मला मनातून बरंच वाटलं. कॅबिनेट उघडायला निमित्त लागतं, नाहीतर बायको धुळीवरून बोलते. आणि धूळ म्हणजे काय ते सेलूत उन्हाळा काढल्याशिवाय कळायचं नाही. पंख्याची पाती ब्रशनं झाडायची, रॅमच्या पट्टीची सोनेरी कड खोडरबरनं पुसायची, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट काढून नवी लावायची. दुपार कशी जाते कळत नाही.

ही खोड अण्णांची, म्हणजे वडिलांची. विहिरीवरची मोटार जळाली की आधी वास यायचा, मग अण्णांचा आवाज. विजेच्या तीन फेजांतला एक गेलेला असायचा आणि मोटार तशीच गुरगुरत राहिलेली. मग ती बैलगाडीत घालून सेलूला भरायला. मी मागं कडब्यावर बसून ती धरायची. तिनं मला धरलेलं असायचं असं म्हटलं तरी चालेल. दुकानात जळकं वाइंडिंग छिन्नीनं तोडून काढायचे. तार काळी ठिक्कर. नवी तार साच्यावर गुंडाळताना मिस्त्री वेढे मोजायचा, तेव्हा कुणी बोलायचं नाही. शेवटी व्हार्निश. तो वास मला अजून आवडतो.

अण्णा दुकानातून हलायचे नाहीत. जुन्या तांब्याचं वजन डोळ्यासमोर करून घ्यायचे आणि तेवढे पैसे बिलातून कापायला लावायचे.

“अण्णा, आता नवीच घ्या की.”

“का? बॉडीला काय झालंय?”

मिस्त्री पुन्हा वेढे मोजायला लागायचा.

विंडोज टेनचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती आमच्या बोर्डावर नाही. पुण्याहून मुलाचा फोन, “बाबा, आता तरी काढून टाका ते.” मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून घेतलं. आधी हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क, बसवलेली होतीच. चहा होऊन थंड होईपर्यंत सुरू न होणारा कॉम्प्युटर आता चहा उकळायच्या आत तयार असतो. यात पैसे वाचतात असं मात्र मी म्हणणार नाही. अण्णांचे तरी वाचत होते का, कोण जाणे. बैलगाडीचा एक दिवस, माणसाचा एक दिवस, तिकडं पाण्यावाचून गहू सुकतोय, हे त्यांनी कधी हिशोबात धरलं नाही.

मुलगा पुढच्या महिन्यात येतोय, माझ्यासाठी लॅपटॉप घेऊन. त्यात रॅम बोर्डालाच डकवलेली असते म्हणे, काढायची सोय नाही. आण म्हणालो. खालच्या बाजूला स्क्रू तरी असतात का, हे विचारायचं राहून गेलं.