भाच्याचं एकचाकी प्रकरण
आज भाच्याच्या इलेक्ट्रिक युनिसायकलची बॅटरी दुकानात उघडून घेतली. ६७.२ व्होल्टचा पॅक, म्हणजे लिथियम सेलचे १६ गट एकापुढे एक जोडलेले. मल्टिमीटर लावला तर १५ गट ४.१ च्या आसपास आणि एक पठ्ठ्या ३.२ वर! ई-बाइक असती तर फार तर रस्त्यात बंद पडली असती. इथे तोल मोटरच सांभाळते. चढावर व्होल्टेज कोसळलं की स्वार थेट तोंडावर. दुकानदार म्हणाला, "काका, तेवढाच गट बदलतो, स्वस्तात होईल." पण जुन्या सेलांत नवे मिसळले की क्षमता जुळत नाही, पुन्हा तेच रडगाणं. अख्खा पॅकच नवा सांगितला. किंमत ऐकून भाचा रुसलाय. रुसू दे, दात तरी शाबूत आहेत 😄