फेटेवाल्या म्हाताऱ्याचं काय करायचं?

आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या कुठल्याही आर्ट कॉलेजच्या पोराचा पोर्टफोलिओ उघडा, पहिल्या पाच-सहा पानांत फेटेवाला म्हातारा निघणारच. सुरकुत्या, पांढरी मिशी, एका गालावर ऊन. मग रंकाळा, मग पन्हाळ्याची तटबंदी, आणि कॉलेजची ट्रिप वाईला गेली असेल तर मेणवलीचा घाट. काम वाईट असतं का, तर अजिबात नाही, हात कसलेला असतो, वॉटरकलरचा वॉश असा सोडतात की बघत राहावं. पण आठ-दहा पोरांचे पोर्टफोलिओ एकत्र मिसळले तर कुठलं चित्र कुणाचं ते त्यांच्या आयांनाही सांगता येणार नाही.

मी कॉलेजात शिकवत नाही. स्टुडिओत एखाद-दुसरं पोरगं येत असतं, फी वगैरे काही नाही, कॅनव्हास ताणायला मदत करतात आणि चहा करतात एवढंच. सध्या जो येतो तो इचलकरंजीचा आहे, फायनल इयरला. वडील यंत्रमागावर, आई कांड्या भरते. त्याचाही म्हातारा होताच, आणि तो म्हातारा खरंच चांगला होता, म्हणून तर जास्त पंचाईत. वाईट चित्राला नावं ठेवणं सोपं असतं हो, चांगल्या पण कुणाचंच नसलेल्या चित्राला काय म्हणायचं?

मी काहीच म्हटलं नाही. सगळी कामं फरशीवर मांड म्हटलं, तारखेप्रमाणे, स्केचबुकंसुद्धा. अर्धा-पाऊण तास नुसतं बघत बसलो दोघं. तो अस्वस्थ, कारण त्याला सवय अशी की सर येतात, "इथे टोन डार्क कर" म्हणतात, हातातला ब्रश घेतात आणि स्वतःच करून देतात. त्या सगळ्या पसाऱ्यात एक कापड-तपासणीची जुनी वही होती, बहुतेक चुकून आलेली. मागच्या पानांवर बॉलपेनने बोटं काढली होती. सुताच्या तुटलेल्या तारेला गाठ मारणारी बोटं, पानभर, एकावर एक, कुठे नुसतं नख, कुठे अंगठ्याची भेग. हे काय रे म्हटलं तर म्हणतो, "काय न्हाई मॅडम, पप्पांना डबा द्यायला गेलतो, टाईमपास."

मागाचं चित्र का काढत नाहीस, विचारलं. तर त्याचं उत्तर, त्यात बघण्यासारखं काय आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ ला आला, विठ्ठलराव दातारांनी आणला, म्हणजे सव्वाशे वर्षं व्हायला आली, गावात खडखड ऐकू येत नाही अशी गल्ली शोधावी लागेल, आणि या पोराला चित्र काढायला पन्हाळा लागतो! त्याचा दोष नाही म्हणा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षांपासून आपण पोरांना शिकवतो की मेमरी ड्रॉइंगमध्ये बाजार, जत्रा, पावसात छत्री घेतलेली माणसं. चित्राचे विषय ठरलेले असतात असं पोरांच्या डोक्यात तेव्हापासूनच बसतं.

दुसरी भानगड म्हणजे डेमो. हल्ली जिथे तिथे डेमो. नावाजलेला चित्रकार स्टेजवर, समोर मॉडेल, आणि शंभर पोरं मोबाईल वर धरून शूट करतायत. दोन तासांत पोर्ट्रेट तयार, टाळ्या. त्यातून रंग कसा लावायचा ते कळतं, नाही असं नाही, मीही खूप बघितलेत. पण काय काढायचं आणि का, हा प्रश्न तिथे येतच नाही, कारण मॉडेल आधीच खुर्चीवर बसवलेलं असतं. आणि घरी जाऊन शंभरच्या शंभर पोरं त्याच चित्रकाराचे स्ट्रोक मारायला लागतात.

आमच्याच कोल्हापुरात याच्या उलटं चालायचं की. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर, त्यांच्याकडे काय वर्ग नव्हता भरत, तिथे काम चालू असायचं. आधी नाटकांचे पडदे, मग महाराष्ट्र फिल्म कंपनी, कॅमेरा मिळत नाही तर कॅमेरा पण घरीच बनवला. दामले, फत्तेलाल, शांताराम त्या कामात घुसून शिकले आणि पुढे स्वतःचं वेगळं काढून बसले. बडोद्याचं उदाहरण तर मी येणाऱ्या प्रत्येक पोराला देते. १९५० मध्ये तिथे फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली, चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायचे. बेंद्र्यांचं चित्र, त्यांचे विद्यार्थी ज्योती भट्टांची प्रिंट आणि गुलाममोहम्मद शेखांचं चित्र शेजारी शेजारी ठेवा, गुरु-शिष्य आहेत असं सांगितल्याशिवाय कळणार नाही. मला वाटतं एखाद्या शिक्षकाचं माप काढायचंच झालं तर असं काढावं.

अर्थात नुसतं "तुला वाटेल ते काढ, व्यक्त हो" हे पण मला मान्य नाही, तो तर निव्वळ आळस झाला. कधी कधी स्पष्ट सांगावंच लागतं. चित्रकार एस. एच. रझांचा किस्सा आहे ना, १९४८ साली काश्मीरमध्ये कार्तिए-ब्रेसों भेटला, फोटोग्राफर, त्याने चित्रं बघितली आणि म्हणाला की टॅलेंट आहे पण चित्रात बांधणी नाही, सेझान बघ, म्हणजे त्या फ्रेंच चित्रकाराची चित्रं. बस एवढंच. रझा १९५० ला पॅरिसला गेले त्यामागे इतरही गोष्टी होत्याच, पण ते वाक्य त्यांनी आयुष्यभर सांगितलं. एका भेटीत हे जमलं कारण त्या माणसाने चित्र नीट बघितलं होतं. आपण बघतो का तसं? व्हॉट्सॅपवर फोटो येतो, आपण "मस्त रे, कीप इट अप" टाकतो आणि खाली स्क्रोल करतो.

तर आमच्या इचलकरंजीकराला मी म्हटलं, माग काढ. पहिल्यांदा घरी बसून आठवणीने काढला आणि तो अगदी आयटीआयच्या पुस्तकातल्या आकृतीसारखा आला, सगळे पार्ट बरोबर, जीव शून्य. मग म्हटलं वडिलांच्या रात्रपाळीला जा आणि चालू मागाशेजारी उभा राहून काढ. तिथे एक गंमत झाली. माग सुरू असला की जमीन हादरते, पॅड हादरतं, पेन हादरतं. त्याच्या सगळ्या रेषा थरथरत आल्या. तो वैतागला, एवढी वर्षं हात स्थिर करण्यात घालवली आणि हे काय. फेअर करून आणू का विचारत होता. मी म्हटलं, फेअर पण कर, दोन्ही भिंतीला लाव आणि आठवडाभर बघ. मी सांगितलं असतं की थरथरती रेष ठेव, तर ती माझी आयडिया झाली असती आणि त्याने ती होमवर्कसारखी केली असती. आठवड्याने फेअरवाला कागद भिंतीवर नव्हता. मी पण विचारलं नाही कुठे गेला.

त्यानंतर तो सुसाटच सुटला. सायझिंगमधून खळ घेऊन आला, सुताला कडकपणा यायला लावतात ती, म्हणे जेसोऐवजी, म्हणजे रंगाआधी कॅनव्हासला देतात त्या अस्तराऐवजी, हीच कापडावर लावतो. कल्पना झकास, पण स्टार्च आहे, आमच्याकडच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांत बुरशी धरणार. इथे मात्र मी "शोध तुझं तू" वगैरे काही केलं नाही, सरळ सांगितलं, पुस्तकांचे बाइंडिंगवाले चिकटवायच्या खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात तसा टाकून बघ, विषारी असतो, हात धू, आणि स्टुडिओतल्या चहाच्या भांड्यात अजिबात कालवायचा नाही. एका तुकड्यावर मोरचूद, एकावर नाही, दोन्ही जूनभर खिडकीत ठेवले. बिनमोरचुदाचा हिरवा पडला. त्याला तो हिरवा पण आवडला, आता काय बोलायचं.

आणि चित्रकार बर्व्यांबद्दल सांगितलं. प्रभाकर बर्वे मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलमधून बाहेर पडल्यावर कित्येक वर्षं विणकर सेवा केंद्रात डिझाईनचं काम करत होते, म्हणजे कापडाचीच नोकरी, आणि शेजारी डायऱ्या चालू, चित्र, विचार, वस्तूंची टिपणं सगळं त्यात. हे ऐकून पोराचा चेहरा बदललेला मी बघितला. डायरीपेक्षा त्याला नोकरीचं ऐकून बरं वाटलं असणार. घरी रोज विषय तोच असतो ना, एटीडी, म्हणजे आर्ट टीचरचा डिप्लोमा, कर आणि शाळेत ड्रॉइंग टीचर हो, निदान पगार तरी. आईवडिलांचं चुकतंय असं मला अजिबात वाटत नाही. मागाला मंदी आली की काय होतं ते त्यांनी बघितलंय. म्हणून मी त्याच्याबरोबर हिशोबही मांडते, फ्रेमिंग किती, मुंबईला चित्रं न्यायचा टेम्पो किती, जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज केला की नंबर लागायला वर्षं जातात मग तोवर काय, राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागाचा फॉर्म कधी येतो. कलेच्या गप्पांमध्ये हे बोलायला लोकांना लाज वाटते, का ते मला कळलेलं नाही.

सध्या आमचं भांडण चालू आहे. फायनलच्या सबमिशनला त्याला चित्रांसोबत मागाचा आवाज लावायचाय, मोबाईलवर रेकॉर्ड केलेला, स्पीकरवर, फुल व्हॉल्यूम. माझं म्हणणं, रेषेतच तो आवाज आलाय, परत कशाला ऐकवायचा. त्याचं म्हणणं, "मॅडम, तुम्हाला आलाय ऐकू, परीक्षकांना येतोय का बघू." गेले दोन शनिवार यावरच गेले, चहा पण त्याने रागात बिनसाखरेचा केला. स्पीकर मात्र माझाच मागून नेलाय.