मुंबईतला आमचा बिनगव्हाचा उन्हाळा

मुलाला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं त्याच्या लहान आतड्याला इजा होते, हे कळलं तेव्हा त्याची वार्षिक परीक्षा संपत आली होती. हिमोग्लोबिन कायम कमी, लोहाचं औषध घेऊनही वर सरकेना, आणि उंचीला वर्गात सगळ्यांच्या मागे. आधी रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी झाली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा नमुना तपासला. कुणाला अशी शंका असेल तर एक सांगून ठेवते: तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आधीच सोडला तर रिपोर्ट नॉर्मल येऊन फसगत होऊ शकते. आमच्या डॉक्टरांनी हे बजावलं म्हणून बरं, नाहीतर 'आजपासूनच पोळी बंद कर' म्हणणारे नातेवाईक काही कमी नव्हते.

पथ्य सांगायला सोपं. गहू, जव आणि राय (गव्हासारखं परदेशी धान्य, मोहरी नव्हे), या तिन्हींत ग्लुटेन असतं, ते जन्मभर बंद. मैदा, रवा, दलिया, शेवया म्हणजे गहूच. सिलिॲकवर तूर्त हेच औषध.

सासूबाईंना हे पटेना. "अगो, एक चतकोर पोळीनं काय व्हतंला?" रोज दुपारी हाच प्रश्न. मग त्यांना मी हॉलंडची गोष्ट सांगितली. विलेम कारेल डिके नावाचे तिथले बालरोगतज्ज्ञ. सिलिॲकच्या मुलांना गहूच बाधतो असा त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धात, तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हा तो संशय पक्का होत गेला, आणि 1950 मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. आतड्याचे रिपोर्ट दाखवून जे झालं नव्हतं ते दुष्काळाच्या गोष्टीनं झालं. आई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे तरी गहू कधी होते? सणाला पाव्हणे आले तर पोळी. एरवी भात, पेज आणि घावन."

बास. मला जे कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं ते इथे सापडलं. सासर सिंधुदुर्गातलं, माहेर साताऱ्याकडचं. एकीकडे तांदूळ, दुसरीकडे ज्वारी-बाजरी. दोन्ही घरांत गहू हा मुळात पाहुणा. त्यामुळे पोळीची नक्कल करण्याच्या वाटेला मी गेलेच नाही. बिनग्लुटेनच्या पिठांची पाकिटं मिळतात, त्यात गम वगैरे घालून पोळी लाटताही येते, पण महाग पडते आणि गार झाली की वातड होते. ज्या पोराच्या ताटात गरम भाकरी पडू शकते, त्याला हे कशाला?

तर काय शिजवायचं हा प्रश्न आमच्या घरी लवकर सुटला. डोकं खाल्लं ते गिरणीनं.

लालबागला आमच्या खाली गिरणी आहे. दिवसभर गहू. "ताई, ज्वारीवर ज्वारी दळून देतो, काळजी नको," गिरणीवाले भाऊ अगदी मनापासून म्हणाले. पण जात्याच्या दोन दगडांच्या फटीत, पीठ पडतं त्या कापडी नळीत, डब्यावरच्या चाळणीत गव्हाचं पीठ असतंच. बिनग्लुटेन म्हणून विकायच्या पदार्थात आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे किती, याचा अंदाज करा. ज्वारीवर दळलेल्या ज्वारीनं ते साधणार नाही. शेवटी घरघंटी घेतली. खिडकीजवळच्या कोपऱ्यात ती बसवायची म्हणून शिवणयंत्र माळ्यावर गेलं. पोळपाट-लाटणं लाकडाचं, ते बदललं. बिडाचा तवा नवा. पिठाची चाळणी वेगळी, तिला लाल दोरा बांधला. नंतर कंटाळून घरात गहू आणणंच बंद केलं, तेव्हा दोऱ्याचं काम संपलं. सुटी ज्वारी मात्र ताटात पसरून निवडते. गव्हाचा एखादा दाणा निघतोच.

हिंगाचं कुणाला माहीत नसतं. आपल्या डब्यांतला बांधणीचा हिंग म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि बाकी पीठ, पुष्कळदा गव्हाचं. डबीवरची बारीक अक्षरं वाचा. ग्लुटेनचं धान्य असेल तर ते लिहिणं बंधनकारक आहे. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणला. मेतकुटात गहू. विकतच्या थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू. दुधात घालायच्या पावडरीतलं माल्ट म्हणजे जव. सोया सॉसमध्ये गहू. सातूचं पीठ तर सोडूनच द्या.

एवढं झाल्यावर बाजारात जायला मोकळी झाले. एप्रिल-मेचा दादरचा बाजार म्हणजे या पथ्याला दिलेली सूटच. कैऱ्या, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, कोवळ्या काकड्या, करवंदं, ताडगोळे. ओले काजूगर दिसले तर भाव न विचारता घ्यायचे, विचारले की घेववत नाहीत. यातल्या एकाही जिन्नसावर मला लेबल वाचावं लागत नाही.

आमचं रोजचं जेवण असं बसलं. सकाळी काकडीचं घावन. तांदळाचं पीठ ताकाएवढं पातळ कालवायचं, त्यात किसलेली काकडी, मिरची, मीठ. तवा चांगला तापू द्यायचा आणि पीठ कडेनं आत असं ओतायचं. डाव फिरवायचा नाही, फिरवला की जाळी मोडते. वर झाकण. कडा आपोआप सुटल्या की झालं. दुपारी तांदळाची भाकरी किंवा भात, कैरीची आमटी, पांढरा कांदा हातानं फोडून. कधी आंबा डाळ: हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची, किसलेली कैरी, ओलं खोबरं, मीठ, चिमूटभर साखर, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. फोडणी गार करून घाला, कैरीचा करकरीतपणा राहतो. उन्हातून खेळून आला की पन्हं नाहीतर कोकमाचं सरबत. रात्री ज्वारीची भाकरी. ज्वारीचं पीठ थोडं थोडं दळायचं, जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते. घरघंटीचा हा फायदा मी धरलाच नव्हता.

खरी पंचाईत आमरसाची. रस म्हटलं की पुरी, आणि पोरानं रसाचं नाव काढलं की घरात सगळे एकमेकांची तोंडं बघत. आईंनीच तोड काढली: मालवणी वडे. तांदूळ, थोडी उडीद डाळ, थोडी हरभरा डाळ, धने, मेथी असं भरड दळायचं. काही घरी त्यात गहूही घालतात, आम्ही घालत नाही. गरम पाण्यानं पीठ मळून तासभर झाकून ठेवायचं, केळीच्या पानावर थापून तळायचे. टम्म फुगतात. वडे कोंबडीबरोबर खातात, आमरसाबरोबर कसले, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं. पहिला वडा पायरीच्या रसात बुडवून त्यानंच खाल्ला. रसाला पायरीच घ्यावी, हापूस कापून खावा, असं माझं मत आहे आणि त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

मेमध्ये गावाहून बरका फणस आला. मुंबईत गाडीवर गरे मिळतात ते कापा फणसाचे, सांदणांना बरकाच लागतो, लिबलिबीत. तांदूळ धुऊन सावलीत वाळवले आणि मिक्सरमधून रव्यासारखे काढले. दुकानातला सुटा इडली रवा तांदळाचाच असतो, पण शेजारच्या पिंपात गव्हाचा रवा आणि दोन्हींत माप एकच, म्हणून तो घेत नाही. हा घरचा रवा तुपावर जरासा परतायचा, चाळणीतून गाळलेला फणसाचा रस, गूळ, चवीला मीठ आणि खवलेलं खोबरं घालून मुरू द्यायचा आणि इडलीपात्रात वीसेक मिनिटं वाफवायचा. सांदण पिवळंधमक होतं. त्यावर नारळाचं दूध. ज्यात काहीच वगळलेलं नाही असं गोड खाताना पोराला 'हे मला चालतं का' असं विचारावं लागलं नाही. पथ्य सुरू झाल्यापासून तो प्रत्येक घासाला विचारायचा.

वाळवणात कुरडया बंद, गव्हाच्या चिकाच्या असतात त्या. त्याऐवजी पोह्याचे पापड आणि साबुदाण्याच्या फेण्या गच्चीवर घातल्या. वडापावाला मात्र घरात पर्याय नाही. गाडीवरच्या वड्याचं पीठ बेसनाचं असलं तरी हिंग कुठला, पावाचा चुरा कुठे पडला, सांगता येत नाही. घरी बटाटेवडा आणि लसणीची सुकी चटणी करते. पाव नसल्याची तक्रार तो अजून करतो, आणि ती खरी आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि डब्याचं नवीन प्रकरण निघालं. बाईंना पत्र दिलं, त्याही समजूतदारपणे वागतात. पण डबा खाताना मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतातच आणि 'कुणाचं खाऊ नकोस' एवढंच सांगून भागत नाही. म्हणून त्याच्या डब्यात मित्रांच्या वाटणीची चार-पाच घावनं जास्तीची जातात. सुट्टी झाली की तोच आधी वाटतो, त्यामुळे दुसऱ्यांचे डबे पुढे येईपर्यंत त्याचं पोट भरलेलं असतं. मागच्या आठवड्यात एका मुलाच्या आईचा फोन आला: घावनाला पीठ किती पातळ ठेवायचं?