सांधा बरा झाला म्हणून इंजेक्शन थांबवू नका

शाळकरी मुलाचा गुडघा एकाएकी सुजतो, हात लावू देत नाही. दोन-तीन दिवसांत तो उतरतो आणि घोटा धरतो, मग मनगट. सोबत ताप. अशा वेळी आधी घशाबद्दल विचारावं: दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा दुखत होता का? ‘आठवत नाही’ म्हणाले तरी ऱ्हुमॅटिक ताप, म्हणजे घशातल्या जंतूनंतर सांधे आणि हृदय धरणारा आजार, डोक्यात ठेवायचाच. 5 ते 15 हे त्याचं मुख्य वय.

घशातल्या ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस (स्ट्रेप) जंतूच्या एम प्रथिनाची ठेवण हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाशी जुळते. त्यामुळे जंतूवर उठलेली प्रतिकारशक्ती हृदयावरही उलटते. सांध्यात जंतूही नसतो आणि पूही होत नाही. काही आठवड्यांत सांधा पूर्ववत होतो. झडपेचं तसं नाही. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आधी गळू लागते, पुढे जाड होऊन अरुंद होते. आपल्याकडे हे विशीच्या आतही घडतं. कित्येक बायकांना ते पहिल्या गरोदरपणात, रक्ताचं प्रमाण वाढून धाप लागली की कळतं.

निदानाआधीच ब्रुफेनसारखी गोळी दिली तर सांध्यांची ही फिरती थांबते आणि खूणच पुसली जाते. तोवर पॅरासिटामॉलवर भागवावं. निदानानंतर ॲस्पिरिन सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत ठणका ओसरला नाही, तर निदान पुन्हा तपासावं.

एएसओ या रक्ततपासणीचं (स्ट्रेपविरुद्धच्या प्रतिपिंडांची) फार स्तोम माजलंय. वाढलेला एएसओ एवढंच सांगतो की अलीकडे स्ट्रेप होऊन गेला. तो निरोगी मुलांतही वाढलेला सापडतो. कंबर-गुडघे दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला निव्वळ त्या आकड्यावर वर्षानुवर्षं पेनिड्युर (बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन) देणं मला मुळीच पटत नाही. उलट याच तापातला, हातपाय आपोआप झटकले जाणारा कोरिया महिन्यांनी येतो, तेव्हा एएसओ नॉर्मल असू शकतो. स्टेथोस्कोपने कुरकुर ऐकू आली नाही तरी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करावाच. 2015च्या सुधारित जोन्स निकषांत (या तापाच्या निदानाच्या कसोट्यांत) एकोवर दिसणारी झडपेची गळतीही धरली जाते.

घशाचा स्ट्रेप वेळीच ओळखला तर हे सारं टळतं. घसादुखी सुरू झाल्यापासून 9 दिवसांत औषध सुरू व्हावं: अमॉक्सिसिलिन वजनाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त 1 ग्रॅम, पूर्ण 10 दिवस. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागतं आणि बाटली फ्रिजमध्ये पडून राहते, तिथेच घात होतो. नाक गळत असेल, खोकला असेल तर मात्र बहुधा व्हायरल. तिथे अँटिबायोटिक नको.

एकदा हा ताप येऊन गेला की पुन्हा स्ट्रेप होऊन तो उलटू नये म्हणून दर 21 दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं: 27 किलो आणि पुढे 12 लाख युनिट, त्याखाली 6 लाख. औषध दाट असतं, बारीक सुई तुंबते. 21 गेजची सुई घ्या. व्हायल काही मिनिटं हातात धरून थंडपणा घालवा, नीट हलवा, जागा 10 सेकंद अंगठ्याने दाबा, मग स्नायूत खोल, दोन-तीन मिनिटं घेऊन सावकाश सोडा. शिरेत कधीही नाही, जीव जाऊ शकतो. नंतर अर्धा तास थांबवा. ॲड्रेनॅलिन हाताशी हवं. रिॲक्शनच्या धास्तीने इंजेक्शन नाकारणारे दवाखाने आहेत, पण गंभीर रिॲक्शन क्वचितच येते. झडप फारच अरुंद असेल किंवा हृदय अशक्त असेल तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांना गोळ्यांबद्दल विचारा: पेनिसिलिन व्ही, 250 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा.

किती वर्षं? हृदयाला धक्का नसेल तर 5 वर्षं किंवा वयाच्या 21पर्यंत, जे नंतर येईल ते. हृदयाला सूज येऊन पूर्ण निवळली असेल तर 10 वर्षं किंवा 21पर्यंत. झडपेत दोष उरला असेल तर 10 वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर. गरोदरपणात ते बंद करायचं नाही. बलूनने झडप उघडली किंवा बदलली तरीही चालूच ठेवायचं.