दारूच्या दुकानाचा गल्ला कोणाकडे असावा?

महाराष्ट्रात दारूविक्रीचे 328 नवे परवाने देण्याचा प्रस्ताव 2025 मध्ये चर्चेत आला आणि नाशिकमध्ये जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूचं म्हणणं, तामिळनाडूसारखी सरकारनेच दुकानं चालवावीत, म्हणजे नफा तिजोरीत जाईल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सरकारने परवाना द्यावा, कर घ्यावा आणि गल्ल्यावर बसू नये. मला वाटतं, पाटीवर नाव कोणाचं आहे याच्या आधी एक गोष्ट तपासावी: एक बाटली जास्त खपली की तिचा पैसा नेमका कोणाला मिळतो? इतर राज्यांत जे बिघडलं, ते बहुतेक वेळा याच जागी बिघडलं आहे.

आधी आपल्याकडची रचना. महाराष्ट्रात किरकोळ विक्री खाजगी परवानाधारकांकडे आहे आणि देखरेख राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. देशी दारूचं दुकान म्हणजे सीएल-3, वाईन शॉप एफएल-2, परमिट रूम एफएल-3, बिअर शॉपी एफएल/बीआर-2. यातल्या विदेशी मद्य (म्हणजे देशात बनलेली व्हिस्की, रम वगैरेही) विकणाऱ्यांना माल देणारा ठोक विक्रेता एफएल-1. माल एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचा तर टीपी, म्हणजे वाहतूक पास, लागतो.

यात खरी गोम एफएल-2 ची, म्हणजे वाईन शॉपच्या परवान्याची आहे. 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धापासून नवे परवाने देणं थांबलं आणि राज्यभरात 1,713 दुकानं राहिली. इकडे नाशिकमध्ये सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशी वस्ती पसरत गेली, पण परवाने तेवढेच. म्हणून हा कागद बाजारात कोटींच्या घरात गेला. भागीदार घ्यायचा, मग जुना भागीदार बाहेर पडायचा, अशा रीतीने परवाना हात बदलतो. टंचाईमुळे वाढलेली ही किंमत जुन्या परवानाधारकाला मिळते. सरकारला मिळतं ते ठरलेलं शुल्क. आपल्याकडे दुकानं खाजगी आहेत, पण स्पर्धा नाही. खाजगीकरणाच्या बाजूने बोलणारे हे सहसा सांगत नाहीत.

आता तामिळनाडू. तिथलं टास्मॅक महामंडळ 1983 मध्ये ठोक विक्रीसाठी निघालं आणि नोव्हेंबर 2003 पासून किरकोळ विक्रीही त्याच्याकडे आली. 2023-24 मध्ये 45 हजार कोटींहून अधिक महसूल, हा आकडा सरकारी दुकानांच्या बाजूने हमखास पुढे केला जातो. पण ती रक्कम उत्पादन शुल्क आणि मूल्यवर्धित कराची आहे. दुकान खाजगी असलं तरी हे दोन्ही कर मिळतातच, महाराष्ट्राला मिळतात. त्यामुळे सरकारी दुकानाचा फायदा मोजताना हा आकडा बाजूला ठेवावा लागतो.

फायदा नाही असं मात्र नाही. तामिळनाडूने 2016, 2017 आणि 2023 मध्ये प्रत्येकी 500 दुकानं एकेका आदेशाने बंद केली. परवानाधारकच नाही, तर भरपाई कोणाला आणि स्थगितीसाठी न्यायालयात जाणार कोण? आपल्याकडे एक दुकान हलवायचं म्हटलं तरी वर्षं जातात. सरकारी मालकीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला हाच वाटतो.

बिघाड होतो तो काउंटरवर. विक्रेता कंत्राटी, पगार तुटपुंजा. मग बाटलीमागे छापील किमतीपेक्षा 10 रुपये जास्त घेण्याची तक्रार वर्षानुवर्षं चालू राहते, कारण गिऱ्हाइकाला जवळपास दुसरं दुकान नसतं आणि तक्रार करायची तीही विकणाऱ्याच्याच घरात. हातभट्टीही थांबत नाही. जून 2024 मध्ये कल्लाकुरिचीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने साठहून अधिक माणसं गेली, तीही सरकारी दुकानं असलेल्या राज्यात. सर्वात स्वस्त अधिकृत क्वार्टर मजुराच्या रोजाला परवडेनाशी झाली की तो पिशवीतल्या दारूकडे वळतो. दुकान कोणाचं आहे याने त्यात फरक पडत नाही.

आंध्र प्रदेशने दोन्ही टोकं गाठली. ऑक्टोबर 2019 मध्ये दुकानं ताब्यात घेतली, संख्या 4,380 वरून टप्प्याटप्प्याने 2,934 वर आणली आणि मे 2020 मध्ये दोन दिवसांत दर 75 टक्क्यांनी चढवले. ओळखीचे ब्रँड फळीवरून गेले, कधी न ऐकलेले आले. कोणता माल उचलायचा हे एकच खरेदीदार ठरवू लागला की ब्रँडवाले गिऱ्हाइकाऐवजी त्या खरेदीदाराच्या मागे लागतात. तेलंगण आणि कर्नाटकातून चोरटा माल आला तो वेगळाच. शेवटी ऑक्टोबर 2024 मध्ये 3,396 दुकानं सोडत काढून खाजगी लोकांना दिली. अर्जाचे 2 लाख रुपये परत न मिळणारे, आणि नुसत्या अर्जांतून 1,797 कोटी रुपये जमले. परवान्याची मुदत दोन वर्षं. टंचाईची किंमत सरकारने स्वतः वसूल करायची आणि परवाना कायमचा द्यायचा नाही, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

दिल्लीचं उदाहरण राजकारणामुळे गाजलं, पण त्यातलं गणित फार कमी लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर 2021 मध्ये सरकारी महामंडळं किरकोळ विक्रीतून बाहेर पडली आणि 32 विभागांतली 849 दुकानं खाजगी बोलीने द्यायचं ठरलं. परवाना शुल्क मोठं आणि आगाऊ. उत्पादन शुल्क आणि मूल्यवर्धित कर मात्र ठोक किमतीच्या प्रत्येकी 1 टक्का. म्हणजे शुल्क एकदा भरलं की पुढच्या प्रत्येक बाटलीवर जवळजवळ करच नाही. दुकानदार खप वाढवणार नाही तर काय करणार? ‘एकावर एक फुकट’च्या पाट्या त्यातूनच लागल्या. ठोक विक्रेत्याचा नफाही 5 वरून 12 टक्क्यांवर नेला होता. 1 सप्टेंबर 2022 पासून विक्री पुन्हा सरकारी महामंडळांकडे गेली. महालेखापरीक्षकांच्या अहवालात तोट्याचा आकडा सुमारे 2,002 कोटींचा आहे. माझ्या मते दोष खाजगी मालकीपेक्षा करआकारणीचा जास्त होता. कर बाटलीवरून काढून परवान्यावर टाकला की विकणाऱ्याचा पाय ब्रेकवर राहत नाही.

याच कसोटीवर आपले 328 परवाने घासून पाहा. प्रस्ताव असा होता की ते मद्य उत्पादक कंपन्यांना, प्रत्येकी 8, द्यायचे. ज्या विदेशी मद्याचं कंपनीने जाहीर केलेलं उत्पादन मूल्य, म्हणजे बनवण्याचा खर्च, प्रति लीटर 260 रुपयांपर्यंत आहे, त्यावरचं शुल्क जून 2025 मध्ये त्या मूल्याच्या 3 पटींवरून 4.5 पट झालं. कंपनीने लीटरला 150 रुपये जाहीर केले, तर 180 मिलीच्या क्वार्टरचं मूल्य 27 रुपये आणि शुल्क 121 रुपये 50 पैसे. पूर्वी ते 81 होतं. आता जाहीर मूल्य 1 रुपयाने कमी दाखवलं तर साडेचार रुपये शुल्क वाचतं. बनवणारा आणि विकणारा वेगळा असेल, तर कमी मूल्य जाहीर करण्यात बनवणाऱ्याचंही नुकसान असतं. तोच दुकानाचा मालक झाला की कारखान्यात सोडलेला रुपया तो काउंटरवर उचलू शकतो. शिवाय फळीवर पुढे कोणाची बाटली राहील, हे सांगायला नको. म्हणून उत्पादकाला किरकोळ परवाना देण्याला माझा ठाम विरोध आहे, दुकानं सरकारी असोत की खाजगी. नवे परवाने द्यायचेच असतील तर जाहीर सोडतीने, दोन-तीन वर्षांच्या मुदतीने, एका कुटुंबाला एकच, आणि दुकानदाराचा नफा टक्केवारीऐवजी बाटलीमागे ठरावीक रुपये. मग महागडा माल माथी मारण्यात त्याला रस उरत नाही.

नाशिकला आणखी एक धोका ओळखायला हवा, तो म्हणजे ठोक विक्रीचं सरकारीकरण. इथल्या वाईनरीत अनेक लहान आहेत. एकच सरकारी खरेदीदार असला की ब्रँड नोंदणी, दर आणि उधारी सगळं त्याच्या हाती जातं. तेलंगणात ठोक विक्री महामंडळाकडे आहे. जानेवारी 2025 मध्ये थकबाकी आणि दरावरून देशातल्या सर्वात मोठ्या बिअर कंपनीने तिथला पुरवठाच काही दिवस थांबवला. मोठी कंपनी असा दम देऊ शकते. दिंडोरी किंवा विंचूरची लहान वाईनरी सहा महिन्यांच्या थकबाकीत बुडेल, आणि तिच्यामागे द्राक्ष दिलेला शेतकरी. 2022 चा सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवण्याचा निर्णय अमलात आला नाही, त्यामुळे लहान वाईनरीला स्वतःचं विक्री केंद्र आणि ठोक विक्रेता एवढेच दोन रस्ते आहेत.

दुकान नकोच असलेल्या गावांसाठी आडव्या बाटलीचं मतदान आहे. एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी 25 टक्के जणांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. दुकान चालू ठेवायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी. बहुतेक प्रयत्न दोन ठिकाणी अडतात. सही आणि मतदार यादीतलं नाव जुळत नाही: यादीत माहेरचं नाव, कागदावर सासरचं. म्हणून सही घेतानाच यादीतला अनुक्रमांक शेजारी लिहावा, आणि 25 ऐवजी 35 टक्क्यांपर्यंत सह्या जमवाव्यात. दुसरी अडचण मोठी. आडव्या बाटलीला एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात, त्यामुळे न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखी होते. सुरगाणा, पेठकडच्या बाया द्राक्षाच्या हंगामात निफाड, दिंडोरीच्या बागांवर मुक्कामाला असतात. निवेदन अशा बेताने द्यावं की मतदान खरिपाच्या दिवसांत येईल, आणि तारीख हंगामात लागली तर ती पुढे ढकलण्याचा लेखी अर्ज लगेच द्यावा, पोच घेऊन.